कुठून आले, कोणी दिले

प्रस्तावना

1906 साली जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. जोगलटेंभी हे सिन्नर तालुक्यातले, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावरचे गाव. नाशिकहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परततो, एवढेच अंतर. नाणी थोडीथोडकी नव्हती, 13,000 हून अधिक होती. सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, कडेने ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशी तीन लिप्यांतली अक्षरे. पण त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर नहपानाचा चेहरा धड दिसत नव्हता. त्यावर दुसरा ठसा मारलेला होता: तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ आणि भोवती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचे नाव.

हरलेल्या राजाची नाणी जिंकलेल्या राजाने वितळवली नाहीत. आपला छाप मारून पुन्हा बाजारात सोडली. नाशिककरांना याचा दुसरा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. पांडवलेण्यांतल्या 3 क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तो कोरला गेला. आपल्या मुलाने क्षहरातांचे निर्मूलन केले, असे ती आई त्यात सांगते. आईने मुलाची केलेली स्तुती म्हणून कोणी ते सोडूनही दिले असते. जोगलटेंभीची नाणी पुढे आली आणि आईचा शब्द खरा ठरला.

हे सगळे ठाऊक असलेला वाचकही एक गोष्ट सहसा लक्षात घेत नाही. ही नाणी बोलू शकली, कारण ती कोणीतरी मोजली. एच. आर. स्कॉट या मिशनरी अभ्यासकाने साठा तपासला, किती नाण्यांवर दुसरा ठसा आहे आणि किती कोरी राहिली आहेत याचा हिशेब मांडला आणि 1908 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो छापला. नाणी पुढे अनेक संग्रहांत विखुरली. आज त्यांतले एक नाणे हातात घेतले तर ते एक जुने, सुंदर चांदीचे नाणे आहे, एवढेच. ते ज्या 13,000 पैकी एक होते, त्या गावाचे नाव आणि ती संख्या जर कागदावर उतरली नसती, तर सातवाहनांच्या इतिहासातला एक मोठा दुवा सराफाच्या मुशीत गेला असता आणि कोणाला काही हरवल्याचे कळलेही नसते.

हे पुस्तक नाशिकमध्ये लोकांनी, पगार न घेता, आपापल्या फावल्या वेळात जपलेल्या वस्तूंबद्दल आणि कागदांबद्दल आहे. त्याची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा कोणत्या वस्तूपासून सुरुवात करावी, याचा बराच विचार केला. शेवटी एका वहीपासून करायचे ठरवले. संग्रहालयात शिरणारा माणूस काचेच्या कपाटापुढे थांबतो. मला त्याला कपाटामागच्या त्या जाड पुठ्ठ्याच्या, रकाने आखलेल्या दाखल नोंदवहीपुढे न्यायचे आहे. वस्तू काय, कुठून आली, कोणी दिली, केव्हा दिली, देताना काय सांगितले. या पाच रकान्यांवर सगळा संग्रह उभा असतो.

नोंदीचा हा आग्रह परदेशातून आला, असे मानायचे कारण नाही. त्याच पांडवलेण्यांत, 10 क्रमांकाच्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. मी तो जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थक्क होतो. उषवदाताने लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्यासोबत 3,000 कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. ही ठेव त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे, सोपवली; ते गोवर्धन गाव आजही गंगापूर रस्त्यावर आहे. 2,000 कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण. आता हिशेब करून पाहा. 2,000 वर दरमहा शेकडा एकने वर्षाचे 240 होतात. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही 240. सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचे अंदाजपत्रक पैशाला पैसा जुळते.

आणि लेख तिथेच थांबत नाही. हे सर्व निगमसभेत वाचून ऐकवले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवले, असे तो सांगतो. म्हणजे नगराच्या सभेचे दप्तर होते, त्यात नोंदी होत होत्या, आणि राजाच्या जावयालाही आपले दान त्या दप्तरात चढल्याशिवाय पुरे झाले असे वाटत नव्हते. निगमसभेचा तो फलक नाहीसा झाला. दगडात त्याचा उल्लेख राहिला, म्हणून तो होता हे तरी आपण सांगू शकतो.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, ज्याला सगळे गाव ‘सावाना’ म्हणते, 1840 सालचे. महाराष्ट्रात त्याच्याहून जुनी ग्रंथालये हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. इंग्रजी अमदानी येऊन पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणून ते सुरू झाले. पुढे बराच काळ ते पेशवेकालीन सरकारवाड्यात होते, मग टिळकपथावर स्वतःच्या वास्तूत आले. कुसुमाग्रजांनी त्याचे अध्यक्षपद सांभाळले. मु. शं. औरंगाबादकरांसारख्या माणसांनी त्याच्यासाठी आयुष्याची वर्षे दिली. तिथल्या सभागृहाला औरंगाबादकरांचे नाव आहे. नाट्यगृहामुळे आणि व्याख्यानांमुळे सावाना सर्वांना माहीत आहे. पण त्याच वास्तूत एक वस्तुसंग्रहालय आहे, हस्तलिखित पोथ्या आहेत, नाणी, मूर्ती, चित्रे आहेत, हे रोज तिथे वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्यांतल्याही कित्येकांना ठाऊक नसते.

वाचनालयाच्या पोटी संग्रहालय जन्मले, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. सरकारी संग्रहालयात वस्तू कायद्याने येते. 1878 च्या निखात निधीच्या कायद्याने जमिनीत सापडलेला ठेवा कलेक्टरकडे जातो आणि तिथून पुढे. वाचनालयात वस्तू ओळखीने येते. पुस्तक बदलायला येणारे आजोबा एक दिवस पिशवीतून कापडात गुंडाळलेली पोथी काढतात आणि म्हणतात, घरात आता हे वाचणारे कोणी उरले नाही, तुमच्याकडे असू द्या. देणारा आणि घेणारा एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. सभासदांनी निवडून दिलेली, पदरमोड करून काम करणारी माणसे संस्था चालवतात, म्हणून देणाऱ्याला विश्वास वाटतो की आपली वस्तू आपल्याच गावात राहील.

पण याच ओळखीत धोकाही आहे, आणि तो मी स्वतः भोगला आहे. माझ्या आजोबांची एक हिशेबाची चोपडी होती. मोडी लिपीतली, लांबट, मधोमध दोऱ्याने शिवलेली. तीत घरखर्च होता, सिंहस्थात घरी उतरलेल्या यात्रेकरूंची नावे होती, आणि एका वर्षी पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले तेही होते. वडिलांनी ती एका संस्थेला दिली. पावती मागितली नाही. मागणे त्यांना अपमानाचे वाटले असते. पंधरा वर्षांनी मी ती पाहायला गेलो तेव्हा तिथल्या कोणालाच काही सांगता येईना. कपाटे भरलेली होती, माणसे भली होती, शोधायला त्यांनी मला दोन दिवस मदतही केली. फक्त वही लिहिलेली नव्हती. चोपडी कदाचित आजही तिथेच एखाद्या गठ्ठ्यात असेल. पण ती कोणाची, कुठली, हे सांगणारा धागा तुटला. त्या दोन दिवसांनंतर मी या कामात पडलो.

पोथ्या हाताळायला लागलो तेव्हा कळले की जुने लेखनिक आपल्याहून सावध होते. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. तीत शके, संवत्सर, तिथी, वार, ज्या गावी बसून लिहिले ते गाव, ज्याच्यासाठी लिहिले तो माणूस आणि लिहिणाऱ्याचे नाव, सगळे येते. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, आणि संवत्सराचे नाव जुळले की तारखेवर विश्वास ठेवता येतो. पाठ वाकून, मान मोडून हे लिहिले आहे, पोटच्या पोरासारखे सांभाळा, तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, अशी विनवणीही कित्येक लेखनिक करतात. लिहिताना चूक झाली तर त्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावायचा आणि वर दुरुस्त लिहायचे. ‘हरताळ फासणे’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो पिवळा पट्टा पोथीच्या पानावर प्रत्यक्ष पाहिला की शब्दाचे घर सापडल्यासारखे वाटते. दोन लाकडी फळ्या, त्यांवर घट्ट बांधलेला लाल रुमाल, आत वेखंडाची पूड किंवा निंबाचा पाला. कसर आणि वाळवी यांच्याशी लढायची ही जुनी रीत आजच्या डांबराच्या गोळ्यांहून वाईट नव्हती. वाईट आहे ती चिकटपट्टी. फाटलेले पान जोडण्यासाठी प्रेमाने लावलेली पारदर्शक पट्टी दहा वर्षांत तपकिरी होते, शाई ओढून घेते आणि काढायला गेले की अक्षरांसकट निघते. या पुस्तकाच्या वाचकाने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, पण घरातल्या जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये.

नाण्यांचेही तसेच. दिवाळीआधी देवघरातली तांब्याची नाणी चिंच लावून लखलखीत करायची आपल्याकडे पद्धत आहे. चिंच हिरवा थर काढते, आणि थरासोबत अक्षरांच्या कडाही. चांदवडी रुपया हा आपल्या भागातला नामवंत रुपया. होळकरांच्या चांदवडच्या टांकसाळीतला. असे रुपये घरोघर सापडतात ते बहुधा डाग देऊन कडी जोडलेले, म्हणजे कधीतरी माळेत ओवलेले. संग्राहक अशा नाण्याला खराब समजतात आणि कडी काढून टाकतात. माझ्या मते ती कडी काढणे म्हणजे पान फाडणे. टांकसाळीतून निघून बाजारात फिरलेला रुपया एका बाईच्या गळ्यात कसा स्थिरावला, हे सांगणारी तेवढी एकच खूण त्यावर असते.

नाण्यांबद्दल अधिक जाणून घ्यायचे असेल त्याने त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीला जावे. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या प्रयत्नाने 1980 साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था तिथे डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि तिचे संग्रहालय शाळकरी मुलालाही समजेल अशा क्रमाने लावलेले आहे. ती अभ्यासकांची संस्था आहे, तिची शिस्त वेगळी. तिच्यावर मी इथे अधिक लिहीत नाही.

लेखनिकांइतकेच सावध होते ते पंचवटीतले तीर्थोपाध्ये. रामकुंडावर गावोगावचे यजमान येतात. उपाध्ये त्यांचे गाव आणि आडनाव विचारतात, मग घरातून एक जाडजूड बाड येते आणि त्यात यजमानाच्या पणजोबाचे नाव, त्याच्या भावंडांची नावे, आले ते वर्ष, कित्येकदा खुद्द पणजोबाची सही निघते. लोक रडलेले मी पाहिले आहेत. ज्याच्या घरात आजोबांचा फोटोही नाही, त्याला खापरपणजोबाचे हस्ताक्षर नाशिकला भेटते. या नामावळ्या संग्रहालयात नाहीत, आणि त्या तिथे असाव्यात असा माझा आग्रहही नाही. त्या अजून वापरात आहेत. आज आलेल्या माणसाचे नाव आजच त्यांत चढते. मात्र पुढची पिढी नोकरीला बाहेर गेली आहे अशा घरांतल्या बाडांचे काय होणार, हा प्रश्न त्या घरांनीच आम्हाला, म्हणजे फावल्या वेळात हे काम करणाऱ्यांना, विचारला आहे. त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत सुरक्षित ठेवावी, मूळ बाड त्यांच्याच घरी राहावे, असे आम्ही सुचवतो. विश्वासाने सोपवलेली नावे आहेत ती. कोणाला दाखवायची, हे ठरवण्याचा हक्क त्या घरांचाच राहिला पाहिजे.

गोदाकाठाला लागून जुनी मातीची गढी आहे. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकमध्ये उत्खनन केले आणि 1955 मध्ये डेक्कन कॉलेजने त्याचा अहवाल नाशिक आणि जोर्वे अशा दोन्ही स्थळांचा मिळून प्रसिद्ध केला. ताम्रपाषाण काळापासून मराठेशाहीपर्यंत या गावात माणूस राहत आला, हे त्या मातीच्या थरांनी दाखवले. गढी आजही प्रत्येक पावसाळ्यात ढासळते. तिच्यावर राहणाऱ्या कुटुंबांना दर वर्षी जीव मुठीत धरून रात्री काढाव्या लागतात, आणि त्यांचा प्रश्न कोणत्याही खापरापेक्षा मोठा आहे. हे आधी म्हणून मग सांगतो की ढासळलेल्या मातीतून खापरे निघतात, मणी निघतात, आणि मुले ती खेळायला नेतात. एखादा मुलगा ती आणून दाखवतो. आम्ही त्याला पहिला प्रश्न विचारतो: गढीच्या कोणत्या बाजूला सापडले, वर की खाली? थर कळला तर खापराला वय मिळते. नाहीतर ते नुसते खापर.

या कामातली, आपल्या नात्यातली थोरली घरे दूर नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले आणि पुढच्या दहा दिवसांत, 9 जानेवारी 1927 ला, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर पायपीट करून गोळा केलेली दप्तरे धुळेकरांनी उघड्यावर पडू दिली नाहीत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 चे, तेही राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलेले. कागद मागायला गेलेल्या राजवाड्यांना लोकांनी किती दारांतून परत पाठवले असेल! कागद दाखवला तर जमीन जाईल, वतन जाईल, ही भीती तेव्हा खरी होती. आज भीती वेगळी आहे. वाडा पाडून इमारत उभी करायची असते, आठ दिवसांत जागा मोकळी करून द्यायची असते, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या उघडायला वेळ नसतो. जुन्या नाशिकमध्ये वाडे उतरताना मी पाहिले आहेत. खांब-तुळया सागवानाच्या भावाने जातात, दारांच्या कड्या-कोयंडे पितळेच्या भावाने, कागद रद्दीच्या भावाने.

अशा वेळी फोन आला तर आम्ही दोघे-तिघे जातो. त्यात निवृत्त शिक्षक असतात, बँकेतून सुटल्यावर येणारी एक बाई असते, कधी महाविद्यालयातली मुले. वस्तू उचलण्याआधी आम्ही बसतो आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाशी बोलतो. हे कोणी वापरायचे, कुठे ठेवलेले असायचे, याला घरात काय म्हणायचे. नवी मुले सुरुवातीला कंटाळतात. त्यांना तलवार हवी असते. तासाभराने तीच मुले प्रश्न विचारू लागतात.

मागच्या हिवाळ्यात भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर मोडीत आलेली भांडी पाहत होतो. नाशिकची तांब्यापितळेची भांडी देशभर गेली, तांबटांच्या ठोक्यांचा आवाज हीच तांबट आळीची ओळख. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे: कोणी, कोणाला, कोणत्या निमित्ताने दिले, आणि तारीख. ढिगात तांब्याचे एक घंगाळ होते. ज्या बाईंनी ते मोडीत आणले होते त्या अजून तिथेच, पैशाची वाट पाहत उभ्या होत्या. मी त्यांना काय म्हणालो ते आता नीट आठवत नाही, पण त्यांनी घंगाळ परत घेतले आणि चार दिवसांनी आमच्याकडे आणून दिले. त्या दिवशीची नोंद वहीत अशी आहे: घंगाळ, तांब्याचे, दोन पितळी कड्यांचे. काठावर कोरलेले नाव झिजले आहे, ‘लग्नात आहेर’ एवढे वाचता येते. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या पाण्यासाठी वापरत. एका बाजूला पोचा आहे. देणाऱ्या बाईंनी सांगितले, धाकट्या भावाच्या हातून जिन्यावरून पडले होते, तेव्हा तो सात वर्षांचा होता.